गोळीतली चिप चालली, कंपनी नाही चालली

कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीच्या प्रोटियस डिजिटल हेल्थ या कंपनीने औषधाच्या गोळीत बसेल अशी वाळूच्या कणाएवढी चिप बनवली. रुग्णाने गोळी गिळली की चिप पोटातून तसं कळवायची आणि आजचा डोस घेतला गेला हे डॉक्टरांना त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसायचं. चिप खरोखर चालत होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, तिला मान्यताही दिली होती. गुंतवणूकदारांनी या कंपनीत सुमारे 50 कोटी डॉलर घातले. एका टप्प्यावर तिची किंमत दीड अब्ज डॉलर धरली गेली. जून 2020 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ऑगस्टमध्ये तिची मालमत्ता दीड कोटी डॉलरला विकली गेली.

थेरानोस या अमेरिकेतल्या रक्ततपासणीच्या कंपनीची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. तिथे यंत्रच चालत नव्हतं आणि चालतंय असं सांगून लोकांना फसवलं गेलं. त्यातून घ्यायचा धडा सरळ आहे: खोटं बोलू नका. प्रोटियसचं तसं नाही. तिथे विज्ञान खरं होतं, माणसं हुशार होती, परवाने रीतसर होते. तरी कंपनी बुडाली. पुण्या-मुंबईत आज फोनला जोडलेली वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या छोट्या कंपन्या आहेत. त्यांच्यासाठी थेरानोसपेक्षा प्रोटियसची गोष्ट जास्त कामाची आहे, असं मला वाटतं. आपलं उपकरण चालतंय, मग अडलंय कुठे, या प्रश्नाचं उत्तर तिच्यात बरंचसं सापडतं.

आधी हे सगळं कशासाठी चाललं होतं ते पाहू. डॉक्टर औषध लिहून देतात, रुग्ण ते विकत घेतो, आणि मग घेतो किंवा घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालानुसार श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. आपल्याकडे तर "बरं वाटायला लागलं म्हणून बंद केलं" हे वाक्य प्रत्येक डॉक्टरच्या कानावर रोज पडतं. रक्तदाब उतरत नसेल तर डॉक्टरांपुढे पेच असतो. औषध लागू पडत नाही की घेतलंच जात नाही? पहिलं खरं असेल तर डोस वाढवायला हवा. दुसरं खरं असेल आणि तरी डोस वाढवला, तर रुग्ण ज्या दिवशी शहाण्यासारखा गोळी घेईल त्या दिवशी चक्कर येऊन पडेल. तेव्हा गोळी पोटात गेली की नाही हे नक्की कळणं मोलाचं आहे, यात शंका नाही.

प्रोटियसचं उत्तर शाळेतल्या प्रयोगाइतकं साधं होतं. लिंबात दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या खोचल्या की थोडी वीज तयार होते, तसंच इथेही. चिपच्या एका बाजूला मॅग्नेशियम, दुसऱ्या बाजूला तांब्याचा क्षार. कोरड्या गोळीत काहीच घडत नाही. जठरातल्या रसात भिजली की या दोन थरांमध्ये वीज वाहू लागते आणि चिप काही मिनिटांपुरती जागी होते. बॅटरी नाही, अँटेना नाही. तेवढ्या वेळात ती आपला ओळख क्रमांक अगदी क्षीण विद्युत संकेताने पाठवते. तो संकेत रेडिओलहरींनी जात नाही, शरीराच्या ऊतींमधूनच वाहतो. डाव्या बरगड्यांच्या खालच्या कडेजवळ चिकटवलेला पॅच तो पकडतो. पॅच ब्लूटूथने फोनला सांगतो, फोन इंटरनेटवरून सर्व्हरला, आणि सर्व्हर डॉक्टरांना. काम संपलेली चिप यथावकाश शौचावाटे बाहेर पडते.

यात किती दुवे आहेत ते मोजा. गोळी, चिप, पॅच, फोन, अ‍ॅप, सर्व्हर, डॉक्टरांचा पडदा. कुठलाही एक तुटला तरी शेवटी दिसणार एकच गोष्ट: नोंद नाही. पण नोंद नाही याचा अर्थ गोळी घेतली नाही असा होत नाही. पॅच सुटला असेल, फोन घरी राहिला असेल, ब्लूटूथ बंद असेल. फोनला जोडलेल्या प्रत्येक वैद्यकीय उपकरणाची हीच मूळ अडचण आहे. थर्मामीटर बिघडला तर बिघडल्यासारखा दिसतो. जोडलेलं उपकरण मात्र गप्प बसतं, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ काय लावायचा हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवावं लागतं.

या कामात फोन हा सर्वांत बेभरवशाचा दुवा असतो. तो उपकरण बनवणाऱ्याच्या हातात नसतो. स्वस्त अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप्स परस्पर बंद करतात, आणि प्रत्येक कंपनीची बंद करण्याची तऱ्हा निराळी. ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती आली की ब्लूटूथच्या परवानग्यांचे नियम बदलतात. खेळाच्या अ‍ॅपमध्ये असं झालं तर लोक एक तारा देऊन मोकळे होतात. वैद्यकीय अ‍ॅपमध्ये प्रत्येक बदलानंतर चाचण्या पुन्हा करायच्या, त्यांची कागदपत्रं ठेवायची, आणि बदल मोठा असेल तर नियामकाला, म्हणजे परवाना देणाऱ्या यंत्रणेला, कळवायचं. म्हणजे उपकरण एकदा विकलं तरी त्यावरचा खर्च दर महिन्याला चालूच राहतो. सर्व्हरचं भाडं, अ‍ॅपची देखभाल, सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणं, फोनवर मदत करणारी माणसं. नव्या कंपनीच्या हिशेबात हा खर्च बहुधा शेवटच्या ओळीत असतो. तो पहिल्या पानावर हवा.

आता परवानगीकडे येऊ. नियामक उपकरण तपासतो, हे अर्धंच खरं आहे. नियामक तुमचा दावा तपासतो. हे उपकरण कोणासाठी, कशासाठी, कोणी वापरायचं हे सांगणारं एक वाक्य कंपनी लिहून देते. पुढचं सगळं, कुठल्या वर्गात बसणार, कुठल्या चाचण्या लागणार, किती रुग्णांवर अभ्यास करायचा, हे त्या एका वाक्यावर ठरतं.

याचं उत्तम उदाहरण आपल्याकडचंच आहे. मुंबई परिसरातल्या बायोसेन्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने यूचेक नावाचं अ‍ॅप काढलं होतं. लघवीची तपासणी करायच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या असतात ना, त्यांचा फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा आणि अ‍ॅप रंग वाचून साखर, प्रथिनं वगैरेंची पातळी सांगणार. पट्ट्या सीमेन्स आणि बायर यांच्या, आधीच मान्यता मिळालेल्या. फोन लोकांच्या खिशातला. मग नवं काय राहिलं? मे 2013 मध्ये एफडीएने कंपनीला पत्र लिहून विचारलं की या अ‍ॅपला आमची मान्यता कुठे आहे. मुद्दा असा होता: त्या पट्ट्यांना मान्यता आहे ती माणसाने डोळ्यांनी वाचण्यासाठी. फोन वाचायला लागला की पट्टी, फोन आणि अ‍ॅप मिळून एक नवं स्वयंचलित तपासणी यंत्र तयार होतं आणि त्या अख्ख्या यंत्राला वेगळी मान्यता लागते. आरोग्याच्या अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या जगात तेव्हा या पत्राची मोठी चर्चा झाली. सुटे भाग मान्यताप्राप्त असले म्हणून जोडून बनलेली वस्तू मान्यताप्राप्त होत नाही, हे त्यातून लख्ख दिसलं. ब्लूटूथचं तयार मॉड्यूल घेतलं, सेन्सर नामांकित कंपनीचा घेतला, क्लाउड मोठ्या कंपनीचा घेतला, आता आपलं काम सोपं, असं मानणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

प्रोटियसने हे काम शिस्तीत केलं होतं. युरोपात विकण्याची मुभा देणारं सीई चिन्ह 2010 मध्ये मिळालं. जुलै 2012 मध्ये एफडीएने चिपला मान्यता दिली. कंपनी स्थापन झाली होती 2001 मध्ये. सुरुवातीला ती हृदयाच्या उपकरणांवर काम करत होती. पण नुसती चिप विकून काय होणार? कोणी नुसती चिप गिळत नाही. ती औषधात बसवायला हवी, आणि औषध दुसऱ्या कंपनीचं. जपानच्या ओत्सुकाने हात पुढे केला. त्यांचं अ‍ॅबिलिफाय हे मानसिक आजारांवरचं औषध तेव्हा जगातल्या सर्वाधिक खपणाऱ्या औषधांपैकी एक होतं. चिप घातलेल्या गोळीचा अर्ज एफडीएने सप्टेंबर 2015 मध्ये छाननीसाठी घेतला. एप्रिल 2016 मध्ये उत्तर आलं: एवढ्याने मान्यता देता येत नाही, प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीत उपकरण कसं चालतं याची आणखी माहिती द्या, आणि सामान्य माणसं ते वापरताना कुठे चुकतात याचा अभ्यास करा.

हा दुसरा मुद्दा अभियंत्यांना नेहमी किरकोळ वाटतो. पॅच उलटा लावला तर? अ‍ॅपमधली सूचना वाचलीच नाही तर? ब्लूटूथ जोडायचं म्हणजे काय हेच कळलं नाही तर? यावर प्रयोगशाळेतलं उत्तर असतं, "मॅन्युअलमध्ये दिलंय." नियामक ते मानत नाही. तो म्हणतो, ज्यांच्यासाठी उपकरण आहे त्यांच्यासारखी माणसं बोलवा, त्यांच्या हातात द्या, मदत न करता बघा आणि किती जणांचं कुठे चुकलं ते लिहून आणा. आपल्याकडे हे करायचं तर सासवडची सत्तरीची आजी, तिचा फोन, तिची बोटं आणि तिचा चष्मा यांच्यासकट करावं लागेल. ऑफिसातल्या इंटर्नवर करून भागत नाही.

मान्यता अखेर 13 नोव्हेंबर 2017 ला मिळाली. अ‍ॅबिलिफाय मायसाइट, गोळी घेतल्याची डिजिटल नोंद ठेवणारं अमेरिकेतलं पहिलं औषध. बातम्या जगभर झाल्या. पण औषधासोबतच्या अधिकृत माहितीपत्रकात दोन वाक्यं होती, जी बातम्यांच्या मथळ्यांत आली नाहीत. पहिलं: यामुळे रुग्ण औषध अधिक नियमित घेतात, हे सिद्ध झालेलं नाही. दुसरं: तातडीच्या प्रसंगी किंवा त्या क्षणी काय चाललंय हे पाहण्यासाठी याचा वापर करू नये, कारण नोंद उशिरा होऊ शकते किंवा होणारही नाही. गोळी गिळल्यावर नोंद बहुधा अर्ध्या तासात व्हायची, पण दोन तासही लागू शकत होते.

पहिलं वाक्य परत वाचा. कंपनीने सिद्ध केलं होतं ते इतकंच की गोळी पोटात गेली तर आम्हाला कळतं. कळल्यामुळे रुग्णाचं काही भलं होतं, हे त्या मान्यतेत नव्हतं. जोडलेलं वैद्यकीय उपकरण बनवणाऱ्यांच्या डोक्यात या दोन गोष्टी फार सहज एकमेकींत मिसळतात. मोजमाप अचूक असणं एक, त्या मोजमापाने उपचार बदलणं दुसरं, आणि उपचार बदलल्याने माणूस बरा होणं तिसरं. नियामक बहुतेक वेळा पहिल्यावर दार उघडतो. पैसे देणारा तिसऱ्याची वाट बघत बसलेला असतो. या दोहोंमधल्या अंतरात किती वर्षं आणि किती पैसे जातात, याचा अंदाज चुकला की कंपनी संपते. माझ्या मते प्रोटियसचं मरण इथेच आहे, बाकीची कारणं त्याच्या अवतीभवतीची.

अगदीच पुरावा नव्हता असं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आटोक्यात नसलेल्या 109 जणांवर केलेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांना चिपवाली गोळी दिली त्यांचा रक्तदाब चार आठवड्यांत इतरांपेक्षा जास्त उतरला. आशादायक खरं, पण 109 माणसांवरून देशभरच्या विमा कंपन्या तिजोरी उघडत नाहीत.

आणि पहिलं औषध निवडलं ते कोणतं? अ‍ॅबिलिफाय स्किझोफ्रेनियावर दिलं जातं. त्या आजारात काही रुग्णांना आपल्यावर कोणीतरी पाळत ठेवतंय अशी भीती असते. अशा माणसाला सांगायचं की या गोळीत चिप आहे, अंगावर हा पॅच लाव, ती तुझ्या पोटातून डॉक्टरांना कळवेल. अमेरिकेतल्या अनेक मनोविकारतज्ज्ञांनी तेव्हाच हा प्रश्न उघडपणे विचारला. रुग्णाची संमती घेतली जायची, माहिती कोणाला दिसावी हे तो ठरवू शकायचा, परवानगी कधीही काढून घेता यायची. कागदावर सगळं चोख होतं. पॅचमुळे चाचण्यांतल्या साधारण 12 टक्के जणांच्या त्वचेवर पुरळ आलं, ते वेगळंच. आणि जो रुग्ण दर आठवड्याला पॅच बदलेल, फोन चार्ज ठेवेल, अ‍ॅप उघडेल, तो बहुधा गोळीही नीट घेणाराच असतो. ज्याला या उपकरणाची खरी गरज, तोच ते वापरण्याची शक्यता सर्वांत कमी. हा पेच मधुमेहाच्या अ‍ॅपपासून दम्याच्या स्मार्ट इन्हेलरपर्यंत सगळीकडे भेटतो.

मग हे औषध का निवडलं? वैद्यकीय कारण नव्हतंच असं मी म्हणणार नाही. मनोविकारात औषध मध्येच सुटणं हा फार मोठा प्रश्न आहे. पण तारखा बोलक्या आहेत. अ‍ॅबिलिफायची मक्तेदारी एप्रिल 2015 मध्ये संपली आणि त्याच्या स्वस्त जेनेरिक गोळ्या अमेरिकेच्या बाजारात आल्या. तेच औषध नव्या रूपात, पुन्हा महाग विकायचं तर चिप उपयोगी. भागीदाराचा हेतू असा असेल तर नव्या कंपनीला पैसा मिळतो, नाव मिळतं, पण पहिलं उत्पादन तिच्या तंत्राला सर्वांत साजेशा आजारासाठी होत नाही. दुसऱ्याच्या गरजेला साजेशा आजारासाठी होतं. इकडे खरेदीदार साधा हिशेब करतो: बिनचिपची गोळी एवढ्या स्वस्तात मिळते, मग चिपची किंमत मी का देऊ? तिने काय जास्त होतं, दाखवा. आणि दाखवायला माहितीपत्रकातलं ते पहिलं वाक्य होतं.

पुढे कंपनीने कर्करोगाच्या गोळ्यांकडे मोर्चा वळवला. तिथे एकेक डोस महाग आणि चुकला तर धोका मोठा, म्हणून चिपचा खर्च त्यात खपून जातो. ही दिशा मला जास्त शहाणपणाची वाटते. पण तोवर 2019 उजाडलं होतं. त्या वर्षाच्या शेवटी 10 कोटी डॉलरची गुंतवणूक यायची होती, ती आली नाही. बहुतेक कर्मचाऱ्यांना दोन आठवडे बिनपगारी घरी बसवावं लागलं. 2020 च्या सुरुवातीला ओत्सुकाबरोबरची भागीदारी संपली. आणि ऑगस्टमध्ये दीड कोटी डॉलरला ती सगळी मालमत्ता, पेटंटांसकट, घेतली कोणी? ओत्सुकानेच.

स्टार्टअपवाले ज्याला रनवे म्हणतात, म्हणजे हातातल्या पैशात किती महिने निघतील, त्याचा हिशेब वैद्यकीय उपकरणात नेहमीपेक्षा वेगळा लागतो. साध्या अ‍ॅपच्या धंद्यात पैसे संपत आले तर अर्धवट माल बाजारात आणून गिऱ्हाइकांकडून शिकता येतं. इथे परवान्याआधी विकणं हा गुन्हा आहे. त्यामुळे टंचाईत कंपन्या काय कापतात? बहुधा गुणवत्तेचा माणूस आणि कागदपत्रं. कारण ती दिसत नाहीत, डेमोत चमकत नाहीत. पण कोणती गरज होती, त्यासाठी काय डिझाइन केलं, कोणत्या चाचणीत ते तपासलं, काय धोका होता आणि तो कसा कमी केला, ही साखळी मागाहून बसून लिहिता येत नाही. लिहिली तर तपासणारा ओळखतो. यासाठी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत: आयएसओ 13485 ही गुणवत्तेची चौकट, 14971 ही जोखमीची, आयईसी 62304 ही सॉफ्टवेअरची. या तिन्ही पहिल्या सर्किटबरोबर सुरू केल्या तर त्रास कमी होतो, शेवटी केल्या तर अर्धं काम पुन्हा करावं लागतं. कापायचंच असेल तर दावा कापावा. पाच आजारांऐवजी एक. निदान करतो असं म्हणण्याऐवजी मोजून दाखवतो असं म्हणावं. दावा लहान झाला की चाचण्या लहान होतात आणि महिने वाचतात. गुंतवणूकदारांसमोर मात्र लहान दावा मिरवता येत नाही, ही खरी अडचण. सादरीकरणात "आम्ही हृदयविकार आधीच ओळखतो" आणि परवान्याच्या अर्जात "नाडीचा वेग दाखवतो" असं लिहिणाऱ्या कंपनीची दोन्ही कागदपत्रं कधी ना कधी एकाच टेबलावर येतात.

सायबर सुरक्षेबद्दल थोडक्यात. ऑगस्ट 2017 मध्ये अमेरिकेत अ‍ॅबट या कंपनीच्या सुमारे 4 लाख 65 हजार पेसमेकरचं अंतर्गत सॉफ्टवेअर बदलावं लागलं, कारण बाहेरून कोणी त्यात शिरू शकेल अशी त्रुटी सापडली होती. काम तीन मिनिटांचं; पण प्रत्येक रुग्णाने प्रत्यक्ष दवाखान्यात येऊन करून घ्यायचं. मोठ्या कंपनीला ते झेपलं. अमेरिकेत मार्च 2023 पासून कायद्यानेच जोडलेल्या उपकरणाच्या अर्जासोबत सुरक्षेची योजना आणि आत वापरलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअर घटकाची यादी मागितली जाते.

कंपनी बुडाली तर रुग्णाचं काय, हा प्रश्न प्रोटियसच्या बाबतीत सुदैवाने हलका होता. चिप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीराबाहेर. प्रत्येक वेळी तसं नसतं. सेकंड साइट या कॅलिफोर्नियातल्याच कंपनीने अंध व्यक्तींच्या डोळ्यात बसवायचं आर्गस 2 हे उपकरण बनवलं होतं. चष्म्यावरचा कॅमेरा चित्र टिपायचा आणि दृष्टिपटलावर बसवलेल्या 60 इलेक्ट्रोडमधून मेंदूपर्यंत प्रकाशाची जाणीव पोचायची. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते शस्त्रक्रियेने बसवून घेतलं. कंपनीने 2019 मध्ये ते बनवणं थांबवलं, 2020 मध्ये पैसे संपत आले, बहुतेक कर्मचारी गेले. चष्म्याचा भाग बिघडला तर दुरुस्त करायला कोणी उरलं नाही. डोळ्यातलं उपकरण मात्र डोळ्यातच. शरीरात राहणारी वस्तू बनवणाऱ्या छोट्या कंपनीकडे, आपण नसलो तर काय, याची लेखी योजना आणि त्यासाठी बाजूला ठेवलेला पैसा असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. आज कायदा हे पुरेसं मागत नाही.

भारतात चित्र कसं आहे? वैद्यकीय उपकरण नियम 2017 हे 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग. सुरुवातीला मोजकीच उपकरणं कायद्याखाली होती. फेब्रुवारी 2020 च्या अधिसूचनेने एप्रिल 2020 पासून जवळजवळ सगळी आली, सॉफ्टवेअरसुद्धा. ए वर्गातली काही साधी उपकरणं सोडता ए आणि बी वर्गाला ऑक्टोबर 2022 पासून आणि सी, डी वर्गाला ऑक्टोबर 2023 पासून परवाना सक्तीचा झाला. ए, बी वर्गाचा उत्पादन परवाना राज्याच्या यंत्रणेकडून, सी आणि डी वर्गाचा दिल्लीहून. शिवाय ब्लूटूथ असेल तर दूरसंचार विभागाची वेगळी मंजुरी, आणि रुग्णाची माहिती साठवायची तर 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. चिपवाल्या गोळीसारखी वस्तू असेल तर ती औषधही आहे आणि उपकरणही. तेव्हा पहिला अर्ज भरण्याआधीच, कुठल्या खिडकीवर जायचं हे विचारून घेतलेलं बरं.

पण आपल्याकडचा खरा प्रश्न पैशाचाच. बाह्यरुग्ण उपचार आणि घरी वापरायची उपकरणं आरोग्य विम्यात सहसा येत नाहीत. म्हणजे पैसे देणारा एक तर रुग्ण स्वतः, नाहीतर रुग्णालय, नाहीतर सरकार. रुग्ण एकदाच देतो, दर महिन्याला देत नाही. रुग्णालय विचारतं, यातून माझं काय वाचतं? सरकार विचारतं, लाखो लोकांना कितीला पडेल?

याच शेवटच्या प्रश्नावर एक रंजक तुलना आहे. प्रोटियसच्या चिपचा क्षयरोगासाठीही अभ्यास झाला होता. क्षयाची औषधं सहा महिने न चुकता घ्यावी लागतात, मध्ये सोडली तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून आरोग्यसेवकासमोर गोळी गिळायची पद्धत, डॉट्स, आली. कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चिपने 93 टक्के डोसांची खात्री दिली आणि समोर बसून गोळी देण्याच्या पद्धतीने 63 टक्के. फरक मुख्यतः शनिवार, रविवार आणि सुट्ट्यांचा. कामाच्या दिवसांत दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच ठरल्या. चिपला रविवार नसतो.

त्याच प्रश्नावर बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये 99डॉट्स ही पद्धत तयार झाली. गोळ्यांच्या पाकिटाभोवती छापील कागदाचं वेष्टन. गोळी दाबून बाहेर काढली की तिच्यामागे लपलेला क्रमांक दिसतो. रुग्णाने त्या क्रमांकावर फुकटचा कॉल करायचा. पाठोपाठचे क्रमांक आधी ओळखता येत नाहीत, म्हणून कॉल आला तर गोळी बाहेर निघाली असं धरायचं. चिप नाही, पॅच नाही, अ‍ॅप नाही, साधा बटणांचा फोन चालतो. ही पद्धत राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात गेली, लाखो रुग्णांपर्यंत पोचली.

ती अचूक आहे का? फारशी नाही. चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईतल्या रुग्णांच्या घरी न कळवता जाऊन लघवीत औषध सापडतं का हे तपासलं, तेव्हा फोनवरची नोंद आणि प्रत्यक्षातली स्थिती यांत बरीच तफावत निघाली. काहींनी गोळी घेतली पण कॉल केला नाही, काहींनी कॉल केला पण गोळी घेतली नाही. मोजमाप म्हणून प्रोटियसची चिप कितीतरी पुढे होती. पण कागदाच्या वेष्टनाच्या मागे पहिल्या दिवसापासून एक ठरलेला खरेदीदार होता, त्याला परवडेल अशी किंमत होती, आणि कॉल न आलेल्या रुग्णाच्या दारात जाणारा आरोग्यसेवक आधीपासून पगारावर होता.